विशेषणे पुरेत, क्रियापद द्या
व्हिडिओ गेम बनवणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि खेळणाऱ्यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
१) माहिती तंत्रज्ञान, सांस्कृतिक कार्य आणि मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन
२) गेम प्रकाशित करणाऱ्या कंपन्या
३) अॅनिमेशन आणि गेमिंगचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्था
४) मराठी वृत्तपत्रांचे संपादक

विषय : 'क्रांतिकारी' व्हिडिओ गेम ओळखण्याची कसोटी ठरवणे आणि तसे गेम इथे घडण्यासाठी सात मागण्या

महोदय / महोदया,

आमच्या संघटनेत पुण्या-मुंबईच्या लहान स्टुडिओंतले प्रोग्रॅमर, चित्रकार आणि ध्वनिसंयोजक आहेत, कॉलेजांत शिकवणारे आहेत आणि नुसते खेळणारेही आहेत. आमच्यातल्या पन्नाशीकडे झुकलेल्या सभासदांनी पहिला गेम खेळला तो टीव्हीला जोडायच्या डब्यावर. कार्ट्रिज हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, सगळे 'कॅसेट'च म्हणत. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. वर छापलेले असायचे '९९९९ इन १'. आत खरे गेम निघायचे पंधरा-वीस, बाकी सगळी त्यांचीच टोपणनावे. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम यंत्राची ती नक्कल होती. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आमच्या चाळीत पोचला तो नव्वदीत, मुंग्या आलेल्या पडद्यावर आणि घरघरणाऱ्या आवाजात.

चित्र गेले, आवाज गेला, दहा वर्षे उशीर झाला, तरी जे पोचले ते अस्सल होते. बटण किती वेळ दाबून धरले त्यावर उडी किती उंच जाते, हे बोटांना कळत होते. गेममधला क्रांतीचा भाग कोणता, याचे उत्तर आम्हाला त्या नकली डब्याने दिले : नकलेतही जो टिकून राहिला, तो.

हे सांगण्याचे कारण असे की 'क्रांतिकारी' हा शब्द आज जाहिरातीत, पुरस्काराच्या मानपत्रात आणि अनुदानाच्या अर्जात सारखाच सढळ वापरला जातो. पैसे आणि मान त्याच शब्दावर वाटले जाणार असतील, तर त्याचा अर्थ आधी ठरायला हवा. आम्ही तो आमच्या परीने ठरवला आहे आणि पुढच्या सर्व मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

आमची कसोटी

शाळेतले व्याकरण पुरेसे आहे. 'भव्य', 'हुबेहूब', 'सिनेमासारखा', 'हजार कोटींचा' ही गेमची विशेषणे. खेळणारा त्यात काय करतो, हे गेमचे क्रियापद. जो गेम खेळणाऱ्याच्या हाती नवे क्रियापद देतो, त्यालाच क्रांतिकारी म्हणावे.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या आर्केडमध्ये 'ड्रॅगन्स लेअर' आला. डॉन ब्लुथ यांचे हाताने काढलेले अॅनिमेशन लेझरडिस्कवरून पडद्यावर उमटे. शेजारच्या यंत्रांवर ठोकळ्यांची चित्रे हलत असताना हा जिवंत सिनेमाच वाटे. गर्दी उसळली. पण खेळणाऱ्याने करायचे काय? ठरलेल्या क्षणी ठरलेल्या दिशेला दांडी दाबायची. चुकलात तर मरणाचे चित्र, बरोबर आलात तर पुढची चित्रफीत. विशेषणे भरगच्च, क्रियापद एकच आणि तेही उसने. अशा गेमची लाट आली आणि लवकरच ओसरली.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' केला. त्यांच्या इलेक्ट्रोनिका-६० यंत्राला चित्र काढताच येत नव्हते, फक्त अक्षरे उमटत. म्हणून त्यांनी चौकोनी कंसांच्या जोड्यांचे ठोकळे केले. ते वरून खाली घसरत, आपण फिरवायचे, बसवायचे, आणि ओळ भरली की ती नाहीशी. दिसायला याहून दरिद्री गेम सापडणे कठीण. पण जमवलेले सगळे नाहीसे होते आणि केलेल्या चुका तेवढ्या साचत जातात, हा अनुभव त्याआधी कोणत्या गेमने असा दिला नव्हता. नंतर जगातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर तो गेला, मोबाइलवरही आला.

कसोटीचा दुसरा भागही व्याकरणातलाच. विशेषनाम सामान्यनामासारखे वापरले जाते, हे आपण शाळेत शिकतो. घरात एखादा जमदग्नी असतो, दुकानात कुठल्याही कंपनीचे वनस्पती तूप 'डालडा' होते. गेमच्या बाबतीतही हेच घडते. १९९३ मध्ये 'डूम' आला आणि त्यानंतर बंदुकीमागून पाहायचे सगळे गेम काही वर्षे 'डूम क्लोन' म्हणून ओळखले जात. १९८० च्या 'रोग'वरून 'रोगलाइक' हा प्रकार झाला, तो आजही जोरात आहे. २००९ च्या 'डीमन्स सोल्स'पासून 'सोल्सलाइक' हा शब्द रुळला. गेमचे नाव इतरांच्या गेमचे वर्णन करायला वापरले जाऊ लागले, की क्रियापद पुढच्या हातांत गेले असे समजावे. नुसता खप मोजून हे कळत नाही, कारण कोट्यवधी प्रती खपूनही ज्यातून पुढच्याला घ्यावेसे काही निघाले नाही असे गेम थोडे नाहीत.

नवे क्रियापद म्हणजे नवे तंत्रज्ञान, असा समज होऊ नये म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' लुकस पोप यांनी जवळजवळ एकट्याने केला. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. खिडकीशी माणूस येतो, कागद सरकवतो, तुम्ही नियमाशी ताडून शिक्का मारता. क्रियापद एवढेच : शिक्का मारणे. एक नवरा येतो, कागद चोख. जाताना सांगतो, मागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशपरवाना नाही. तुमचा पगार दिवसभरात किती माणसे हातावेगळी केली त्यावर आहे, वारंवार चुकलात तर दंड आहे, आणि घरी भाडे, जेवण, शेकोटी यांचा हिशेब रोज रात्री समोर येतो. हिरवा शिक्का की लाल? कचेरीच्या खिडकीबाहेर उभे राहण्याचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. त्या गेमने आपल्याला खिडकीच्या आत बसवले. सिनेमा हे दाखवू शकतो, पण शिक्का तुमच्या हातात देऊ शकत नाही. यासाठी ना महागडे यंत्र लागले, ना शेकडो माणसे.

एक कबुली मात्र द्यायला हवी. क्रियापद एकट्याचे क्वचितच असते. 'माइनक्राफ्ट'च्या आधी झॅकरी बार्थ यांचा 'इन्फिनीमायनर' होता, त्यातले खणणे आणि ठोकळे रचणे पुढे 'माइनक्राफ्ट'ने जगभर नेले. क्रांती अशी मागच्याच्या खांद्यावर चढून येते, म्हणूनच मागचा खांदा शिल्लक राहिला पाहिजे. आमच्या निम्म्या मागण्या याच कारणाने आहेत.

मागण्या

मागणी १ : अनुदानाच्या आणि पुरस्काराच्या प्रत्येक अर्जात पहिला प्रश्न क्रियापदाचा असावा.

आज अर्जदाराला विचारले जाते ते मनुष्यबळ, गुंतवणूक, अपेक्षित महसूल आणि ट्रेलर. हे सर्व विचारावे, पण त्याआधी एक ओळ मागावी : 'या गेममध्ये खेळणारा असे काय करतो, जे त्याने आधी केलेले नाही?' ज्याला या ओळीचे उत्तर देता येत नाही, त्याचा गेम चांगला असू शकेल, खपेलही, पण त्याला 'नवोन्मेष' या शीर्षाखाली पैसे देऊ नयेत. आणि परीक्षकांनी गेम पाहून नव्हे, स्वतः किमान अर्धा तास खेळून गुण द्यावेत. ट्रेलरमध्ये विशेषणे दिसतात, क्रियापद हातालाच कळते.

मागणी २ : मोठ्या योजनेतला ठरलेला वाटा लहान नमुन्यांसाठी राखावा, आणि फसलेल्या नमुन्याला शिक्षा नसावी.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्यासाठीचे धोरण मंजूर केले, त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आखला. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. आमची काळजी एवढीच की पैसा इमारतींकडे आधी धावतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' आठवावा. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो उद्दिष्टापर्यंत पोचला नाही. तरी ते थांबले नाहीत. गेम २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. तो क्रांतिकारी होता असा आमचा दावा नाही. असा गेम पुण्यात बसून पुरा करता येतो, हे त्याने दाखवले. पण मधली तीन वर्षे निभावून नेण्याची ताकद नसल्यामुळे किती नमुने कपाटात गेले, ते आमचे सभासद जाणतात.

म्हणून दोन-तीन माणसांच्या चमूला सहा महिन्यांचा खर्च मिळावा. बदल्यात त्यांनी दहा मिनिटे खेळता येईल असा कच्चा नमुना द्यावा, बस्स. तो फसला तर का फसला याचे दोन पानी टिपण सर्वांसाठी खुले करावे. फसण्यातूनही क्रियापद निघते. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत गेले की उरलेले अधिक वेगाने सरकत, कारण कमी आकृत्या काढायच्या असल्या की त्या काळचे दुबळे यंत्र मोकळे होई. तोमोहिरो निशिकादो यांनी ती खोट झाकली नाही, तशीच ठेवली. गेमचा श्वास रोखणारा वेग तिथून आला.

मागणी ३ : खेळण्याच्या रीतीवर कुणाची मक्तेदारी नको.

भारतीय पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याच्या निव्वळ पद्धतीला पेटंट मिळत नाही. ही तरतूद आमच्या व्यवसायाचा कणा आहे. तिला वळसा घालणारी कोणतीही सवलत देऊ नये आणि परदेशांशी व्यापारकरार करताना ती सोडून देऊ नये, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

ही तरतूद नसली की काय होते, त्याची दोन उदाहरणे. गेम लोड होईपर्यंत पडद्यावर दुसरा छोटा गेम खेळू देण्याची कल्पना नामको कंपनीने अमेरिकेत पेटंट करून ठेवली. प्लेस्टेशनवरच्या 'रिज रेसर'मध्ये गाडी यायच्या आत 'गॅलॅक्सियन' खेळता येई. ते पेटंट २०१५ मध्ये संपले. तोवर वीस वर्षे जगभरची मुले रिकामी पट्टी भरताना पाहत बसली. दुसरे उदाहरण याहून बोचरे. २०१४ च्या 'शॅडो ऑफ मॉर्डोर'मध्ये तुमच्याकडून हरलेला शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतो, जखमेचा व्रण घेऊन परत येतो, वर चढतो, टोमणे मारतो. वैर हेच क्रियापद. २०१७ च्या पुढच्या भागानंतर ते थांबले. त्याचे पेटंट वॉर्नर ब्रदर्सला २०२१ मध्ये मिळाले, आणि ज्या मोनोलिथ स्टुडिओने ते घडवले तो त्याच मालकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केला. घडवणारे हात गेले, कुलूप राहिले.

याच्या उलट 'डूम'. त्याच्या कर्त्यांनी नकाशे आणि चित्रे वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, म्हणजे कुणालाही आपले नकाशे घालता यावेत. १९९७ मध्ये मूळ कोडही खुला केला. 'हाफ-लाइफ'नेही बाहेरच्यांना असाच वाव दिला, आणि त्यात फेरफार करून दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' उभा केला. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत तासाला वीस-तीस रुपये मोजून एका पिढीने तो खेळला.

मागणी ४ : गेम जतन करण्याची कायदेशीर व्यवस्था पुण्यात सुरू व्हावी, आणि विकलेला गेम विकणाऱ्याला मारून टाकता येऊ नये.

१९५४ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांत द्यावी लागते, त्यात मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते उशिरा आले; १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज उरलेली नाही. गेमच्या बाबतीत आपण आज त्याच वळणावर आहोत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अमेरिकेतला हिशेब मांडला : २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याही रूपात विकत मिळत नाहीत. आपल्याकडे तर असा हिशेब मांडायला यादीच नाही. मोबाइलवरच्या जावा गेमच्या काळात भारतात जे घडले, ते जुन्या फोनांबरोबर भंगारात गेले.

आमची मागणी अशी : शासकीय साहाय्य घेतलेल्या प्रत्येक गेमची चालू प्रत, मूळ कोड आणि एक चालते यंत्र संग्रहालयात जमा व्हावे. त्यासाठी पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाच्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. यूबीसॉफ्टचा २०१४ चा 'द क्रू' एकट्यानेही खेळता येई, पण सर्व्हरशी बोलल्याशिवाय सुरू होत नसे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम घरच्या घरी मेला. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. इथेही सेवा बंद करताना गेम सर्व्हरशिवाय चालेल असा शेवटचा बदल देणे, किंवा खेळणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर चालवू देणे, ही विक्रीची अट व्हावी. (या उपमागणीवर आमच्या सभेत मतभेद झाले. लहान स्टुडिओंना हा खर्च झेपणार नाही, असे काहींचे म्हणणे होते. म्हणून दहापेक्षा कमी माणसांच्या स्टुडिओंना पहिली पाच वर्षे सूट असावी, अशी दुरुस्ती बहुमताने मान्य झाली.)

मागणी ५ : करणाऱ्याचे नाव गेममध्ये असलेच पाहिजे.

अटारी कंपनी एके काळी गेम करणाऱ्याचे नाव छापत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 'अॅडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली केली. करड्या पार्श्वभूमीवर करडा, जेमतेम एवढासा ठिपका उचलून ठरलेल्या भिंतीशी नेला की ती उघडे आणि आत त्यांचे नाव दिसे. त्याच कंपनीतून १९७९ मध्ये बाहेर पडलेल्यांनी अॅक्टिव्हिजन काढली आणि करणाऱ्याचे नाव अभिमानाने छापले.

आज आमच्या शहरांत परदेशी गेमसाठी रात्र रात्र काम चालते. आमच्या एका सभासदाने दोन वर्षे एका मोठ्या गेममधली झाडे आणि खडक घडवले. गेम आल्यावर त्याने श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहिली. कंपनीचे नाव होते, त्याचे नव्हते. कंत्राटावर काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव आले पाहिजे, मधेच नोकरी सोडली तरी.

मागणी ६ : मराठी आधी पडद्यावर नीट उमटू द्या.

काही प्रचलित गेम इंजिनांत देवनागरी टाइप केली की जोडाक्षरे मोडतात आणि पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. आमच्या चाचणीत मेनूवरचे 'निवड' पडद्यावर 'नविड' झाले, आणि 'क्रांती' या शब्दातला पाय मोडलेला क वेगळा व र वेगळा उभा राहिला. यावर प्रत्येक स्टुडिओ आपापली ठिगळे लावतो, काही जण कंटाळून इंग्रजीत जातात. मराठी भाषा विभागाने चाचणी केलेले, मोफत वापरता येणारे देवनागरी साहित्य एकदा तयार करून सर्वांना द्यावे. खर्च एकदाच, उपयोग कायमचा.

याच ओघात सांगतो की गड-किल्ले दाखवले म्हणून गेमला जादा गुण देऊ नयेत. किल्ला हे पार्श्वभूमीचे विशेषण. किल्ला लढवताना पाण्याची टाकी, धान्य आणि माणसे यांचा मेळ घालावा लागला, तर तिथे क्रियापदाची शक्यता आहे.

मागणी ७ : जुगाराला 'गेमिंग' म्हणणे थांबवा.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व सोशल गेम वेगळे मानले. कायद्याने केलेला हा फरक बातम्यांच्या मथळ्यांत मात्र दिसत नाही. 'गेमिंगच्या नादाने कर्जबाजारी' या बातमीतला गेम रमीचा असतो, आणि घरात फोन काढून घेतला जातो तो ठोकळे रचणाऱ्या मुलीचा. संपादकांना विनंती : पैसे लावले असतील तर 'ऑनलाइन जुगार' लिहा. आणि जसे नाटकाचे परीक्षण छापता, तसे गेमचेही छापा. त्यात चित्रांच्या झगमगाटाबद्दल एक वाक्य पुरे, उरलेल्या जागेत हाताला काय करायला मिळाले ते लिहा.

आम्ही काय मागत नाही, आणि काय देऊ

आम्हाला करमाफी नको, भूखंड नको, मराठी गेमसाठी राखीव जागा नको. आमच्या बाजूने आम्ही बांधील आहोत : सभासदांनी केलेल्या पाच वर्षांहून जुन्या गेमचा कोड, जिथे करार परवानगी देईल तिथे, विद्यार्थ्यांना वाचायला खुला करू. जुने डबे आणि कॅसेटी दुरुस्त करून संग्रहालयाला देऊ. अनुदान समितीवर मानधनाशिवाय बसू, आणि आपल्या ओळखीच्यांचे अर्ज आले की उठून बाहेर जाऊ.

सर्व विभागांनी साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि त्यानंतर एक संयुक्त बैठक लावावी, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद
पुणे

सोबत : एक पेन ड्राइव्ह. आमच्या दोन सभासदांनी दोन महिन्यांत केलेला गेम त्यात आहे. 'सुपर मारिओ'च्या पहिल्या पडद्यावर मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा, म्हणून कुणी न सांगता मूल उजवीकडे चालू लागते. तोच धडा गिरवायचा आम्ही प्रयत्न केला आहे. सूचनापत्रक जोडलेले नाही. ते मागावे लागले, तर चूक आमची समजावी आणि आमचा अर्ज पहिल्या प्रश्नावरच बाद करावा.